घरच्या घरी गिटारसाठी राऊटर जिग बनवताय? या चुका टाळा

बाइंडिंगची, म्हणजे गिटारच्या कडेनं बसणाऱ्या पट्टीची, खोबण खांद्यापाशी पावणेदोन मिलिमीटर आणि कमरेपाशी सव्वादोन आली, की पहिला संशय ती कापणाऱ्या राऊटरवर जातो. आधी बिट बदलतात, मग त्याची दांडी आवळणारा कॉलेट, आणि तरीही जमलं नाही तर मशीनच विकायला काढतात. राऊटरचा त्यात बहुतेक वेळा काही दोष नसतो. तो नेला तिथं कापतो, आणि त्याला नेणारा असतो जिग, म्हणजे त्याची वाट ठरवणारा साचा. घरी बनवलेल्या जिगचं दुखणंही साधारण एकच असतं: कुठंतरी प्ले, म्हणजे हलायला मोकळी जागा, राहिलेला असतो. कधी मापात, कधी बेअरिंगमध्ये, कधी ड्रॉवर चॅनलमध्ये, नाहीतर पावसाळ्यात फुगलेल्या बोर्डात.

आपल्या सीमाभागात वाद्य म्हटलं की लोक मिरजेकडं बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सतारीचं काम वेगळ्या वाटेनं जातं. प्रत्येक भोपळा वेगळा, त्यामुळं बाकीची मापं भोपळा बघून ठरतात. गिटारमध्ये सगळा कारभार फर्म्यावर चालतो. त्यामुळं जिगसाठी मला मिरजेपेक्षा बेळगावची उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत जास्त उपयोगाची वाटते. लेथवाले, फिटर, फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न घडवणारे, या मंडळींना मिलिमीटरचा दहावा भाग रोजचा आहे. ओळखीचा पॅटर्नमेकर असेल तर जिग नुसता त्याच्या हातात द्या. कुठं हलतंय ते तो बघता बघता सांगेल.

सूत आणि मिलिमीटर मिसळू नका

आपला मेस्त्री इंच-सुतात बोलतो, गिटारचे प्लॅन कधी इंचात असतात तर कधी मिलिमीटरात, आणि बाजारातले बिट दोन्हीकडचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. दोन सूत झाले ६.३५. छोटे ट्रिम राऊटर कधी ६ मिलिमीटरच्या कॉलेटचे येतात, कधी ६.३५ च्या. काउंटरवर विचारलं तर ‘एकच की हो ते’ असं उत्तर मिळतं. एकच नाही. ६ ची दांडी ६.३५ च्या कॉलेटमध्ये आवळल्यासारखी वाटते, पण काम सुरू झालं की बिट हळूहळू सरकायला लागतो. खोबण सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडं खोल होत गेली असेल तर दुसरं काही बघण्याआधी व्हर्निअर घेऊन दांडी मोजा. बिट नुसता सरकून थांबला तर नशीब. उडाला तर डोळ्याचं काम.

हीच गंमत बेअरिंगमध्ये. बाइंडिंगसाठी कडेला पायरी कापणाऱ्या रॅबेट बिटला वेगवेगळ्या व्यासाची बेअरिंग लावून खोबणीची रुंदी ठरवतात. हिशेब सोपा: बिटच्या व्यासातून बेअरिंगचा बाहेरचा व्यास वजा करा आणि निम्मं करा. १९ मिलिमीटरच्या बिटला १६ चं बेअरिंग लावलं तर दीड मिलिमीटर, १४ चं लावलं तर अडीच. तयार संच महाग पडतो म्हणून बेअरिंगच्या दुकानातून ६२५ (बाहेरून १६) किंवा ६०५ (बाहेरून १४) नंबरचं आणायची कल्पना चांगलीच आहे. पण त्यांचं आतलं भोक ५ मिलिमीटरचं असतं, आणि बऱ्याच बिटांचा, बेअरिंग बसतं तो, खुंट दीड सुताचा, म्हणजे ४.७६ चा. पाव मिलिमीटरचा हा प्ले खोबणीच्या भिंतीवर बारीक लाटांच्या रूपात उमटतो. खुंट मोजूनच बेअरिंग घ्या. खोबण केसभर जास्त रुंद येत असेल तर बेअरिंगभोवती सेलोटेपचा एक वेढा घालायला हरकत नाही. ते जुगाड असलं तरी चालतं.

बुशचा हिशेब एकाच बाजूचा धरू नका

समजा बोल्टनं बसणाऱ्या नेकसाठी ५६ मिलिमीटर रुंद पॉकेट कापायचंय. गाइड बुश, म्हणजे बिटभोवती बसणारी आणि फर्म्याच्या कडेला टेकून चालणारी नळी, बाहेरून १६ चा, बिट ६ चा. फरक १०, म्हणजे दर बाजूला ५. फर्म्याचं तोंड ६६ चं हवं. घाईत एकदाच ५ मिळवले जातात, तोंड ६१ चं होतं आणि पॉकेट येतं ५१ चं. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण खड्डा वाढवता येतो. खरं नुकसान उलट बाजूनं होतं: ६६ चा फर्मा भिंतीवर टांगलेला असतो, चार महिन्यांनी कोणीतरी त्याला बुशऐवजी बेअरिंगचा बिट लावतो आणि बॉडी जळणात जाते. आणि हो, ५६ हा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. आधी नेक तयार करा, तो मोजा, मग फर्मा कापा.

कागदावर हिशेब चोख, तरी भिंतीला पायरी पडतेय? मग बुश बिटच्या मध्यावर नाही. बेसप्लेटच्या स्क्रूंची भोकं मोठी असतात, त्यामुळं प्लेट कुठंही बसते. टाकाऊ तुकड्यावर सरळ पट्टी धरून एकदा राऊटर चालवा, मग राऊटर अर्धा फिरवून त्याच पट्टीनं पुन्हा चालवा. दुसऱ्या फेरीत जास्त कापलं गेलं किंवा बिट भिंतीला लागलाच नाही, तर दोष सापडला. उपाय लेथवर आहे: एक पितळी पिन, एका टोकाला कॉलेटच्या मापाची, दुसऱ्या टोकाला बुशच्या आतल्या व्यासाची. प्लेटचे स्क्रू ढिले करा, पिन घाला, प्लेट आपोआप मध्यावर येते, स्क्रू आवळा. टर्नरकडं जाताना आकडा सांगत बसू नका, बुश आणि कॉलेट दोन्ही घेऊन जा. पिन हातात येईपर्यंत राऊटरवर पेनानं खूण करून ती कायम एकाच दिशेला ठेवा. पॉकेटची जागा सरकली तरी माप बिघडत नाही.

राऊटर पाठीवर टेकवू नका

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. अकूस्टिक गिटारची पाठ सपाट नसते. तिला घुमटासारखा बाक असतो. १५ फूट त्रिज्येचा, म्हणजे साडेचार मीटरच्या आसपासचा, बाक सर्रास वापरतात. खालच्या पोटाची रुंदी ४०० मिलिमीटर धरली तर कडेपाशी पाठीचा उतार अडीच अंशांचा होतो. ट्रिम राऊटर पाठीवर टेकवून चालवला की बिटही अडीच अंश कलतो, आणि ६ मिलिमीटर उंचीच्या बाइंडिंगमागं पाव मिलिमीटरची फट राहते. त्यात बॉडी मानेकडं साधारण १०० आणि तळाकडं १२० मिलिमीटर जाड, म्हणजे लांबीतही उतार. डिंक-भुसा भरून ती फट झाकता येते, पण पॉलिश चढल्यावर काळी रेघ दिसल्याशिवाय राहत नाही.

म्हणून बाइंडिंगचा जिग म्हणजे मुळात एक टॉवर: राऊटर उभ्या सरळ रेषेत वर-खाली तरंगेल, आणि बॉडी एका चौकटीत बसून टेबलावर फिरेल. बिटचं नातं गिटारच्या बाजूंशी राहतं, पाठीशी फक्त खोलीपुरतं. टॉवरला १८ मिलिमीटर प्लायवूड पुरतं, मागून त्रिकोणी आधार मात्र हवाच.

चौकटीत बॉडी बसवताना लोक पाठ लेव्हल करतात. पाठ विसरा. गुण्या घ्या आणि खांदा, कंबर, पोट अशा ठिकाणी बाजू टेबलाला काटकोनात आहे का ते तपासा. जिथं कलतेय तिथं खाली कॉर्कची पाचर सरकवा. याला अर्धा तास गेला तरी चालेल.

टॉवरचा जीव असतो ड्रॉवरच्या चॅनलमध्ये, आणि प्ले तिथंच लपतो. खानापूरचा एक पोरगा असा टॉवर स्कूटरला बांधून घेऊन आला होता. “काका, बिट नवा हाय, बेअरिंग नवं हाय, तरी लाटा उठायल्यात बघा.” राऊटर बंदच होता. बिटला बोटानं आडवं ढकललं तर प्लायवूड गप्प, चॅनल मात्र टकटक वाजायला लागला. तो जवळजवळ पूर्ण बाहेर आलेल्या अवस्थेत काम करत होता, आणि बॉलबेअरिंगचा चॅनल जितका बाहेर येतो तितका डुलतो. चॅनल खाली सरकवून निम्म्या अंतरातच चालेल असा बसवला, शेजारी दुसरा जोडला, आणि दोघांमध्ये व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घालून एकमेकांवर किंचित ताण दिला. टकटक थांबली. खिशात जागा असेल तर या भानगडीत न पडता लिनिअर रेल घ्यावी, माझं मत तेच आहे.

बिटभोवती पाठीवर टेकणारं कडं अरुंद ठेवा. ते रुंद असलं की घुमटावर डोलतं आणि आपण टॉवर बांधून काय मिळवलं हा प्रश्न पडतो. राऊटरचं वजन सगळं पाठीवर येऊ देऊ नका. कप्पीवरून दोरी घेऊन मागं वजन टांगा. पण इतकंही नको की राऊटर उसळेल. बोटानं हलकेच वर उचलता यावा आणि सोडल्यावर आपोआप खाली बसावा.

दिशा

राऊटर हातात धरून बॉडीच्या बाहेरच्या कडेनं जाताना, वरून बघितलं तर, घड्याळाच्या उलट दिशेनं जायचं. आतल्या खड्ड्यात घड्याळाच्या दिशेनं. टॉवरवर मात्र राऊटर जागेवर असतो आणि बॉडी फिरते, म्हणून बॉडी घड्याळाच्या दिशेनं फिरवायची. इथं भले भले गोंधळतात. टॉवरच्या समोर खडूनं बाण काढून ठेवा.

एवढ्यानंही भागत नाही, कारण लाकडाचे तंतू उभे आणि गिटारची कड वळणाची. पोटाच्या रुंद भागाकडून कमरेकडं, आणि त्याच रुंद भागाकडून तळाकडं, असं उताराच्या बाजूनं कापलं तर तंतू दबून कापले जातात. चढाच्या बाजूनं गेलं तर उचकटतात. म्हणजे काही टप्प्यांत उलट दिशेनंच जावं लागतं. तिथं बिट बॉडीला ओढून पळायला बघतो, तेव्हा एका वेळी अर्धा मिलिमीटरच घ्या आणि दोन्ही हातांनी पकड ठेवा. शिसवीच्या कडा मुकाट्यानं सहन करतात, स्प्रूसचा टॉप (पुढची फळी) मात्र लगेच ढलपी सोडतो.

पावसाची झड आणि एमडीएफ

जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगावच्या हवेत साधा एमडीएफ फर्म्यासाठी घेऊ नये. त्याच्या पृष्ठभागापेक्षा कड जास्त पाणी पिते. फुगलेल्या कडेवर बेअरिंग दाबून चाललं की खळगा पडतो, आणि तोच खळगा पुढच्या प्रत्येक बॉडीवर उतरतो. एचडीएचएमआर (ओलावा सोसणारा दाट) बोर्ड किंवा ६ मिलिमीटर हायलम (रेझिनची टणक) शीट घ्या. एमडीएफच वापरायचा असेल तर कडेला पातळ सुपरग्लू पाजा, सुकल्यावर बारीक काचपेपर मारा, मग पुन्हा पाजा. अ‍ॅक्रिलिक दिसायला छान, आरपार दिसतं हा फायदाही मोठा. पण गरम बिट चुकून टेकला की वितळून चिकटतं.

दुतर्फी टेपचाही पावसाळ्यात भरवसा नाही. बॉडीवर मास्किंग टेप, फर्म्याखाली मास्किंग टेप, आणि दोन्हींच्या पाठी सुपरग्लूनं जोडायच्या. धरतं घट्ट, निघतं स्वच्छ.

रोझेटची, म्हणजे साउंडहोलभोवतीच्या नक्षीच्या कड्याची, खोबण कापली की रोझेट त्याच दिवशी चिकटवा. दमट हवेत रात्रभर ठेवलेल्या टॉपमध्ये सकाळी वर्तुळ वर्तुळ राहत नाही, तंतूंच्या आडव्या दिशेनं ते किंचित फुगतं. आणि साउंडहोल आधी कापू नका. मधला तुकडा गेला की जिगच्या पिनला आधार कसला? टॉप तीनेक मिलिमीटर जाड असेल तर खोबण दीड मिलिमीटर खोल पुरे.

उरलेल्या तक्रारी

खोबण जळकी येतेय: बिट बोथट आहे, किंवा तुम्ही एका जागी रेंगाळताय, किंवा अंगणापर्यंत ओढलेली एक्स्टेन्शनची वायर लांब आणि बारीक आहे आणि मशीनला दाबच मिळत नाही. शिसव-सागवानाचा चीक बिटवर बसला असेल तर प्लग काढून थिनरनं पुसा. निम्मे ‘बोथट’ बिट नुसते मळलेले असतात. फिंगरबोर्डला बाक देणाऱ्या जिगवर मधोमध उभी रेघ राहत असेल तर दोन्ही वक्र पट्ट्या एकावर एक ठेवून बघा, त्या जुळत नसतील. त्या एकत्र आवळूनच घासायच्या असतात. ट्रस रॉडची (नेकमधल्या सळईची) खोबण रुंद येत असेल तर फेन्स, म्हणजे राऊटर टेकवायची सरळ पट्टी, एकाच बाजूला आहे. दोन्ही बाजूंनी लावा.

मास्क लावा, शिसवीच्या भुशाची अनेकांना अ‍ॅलर्जी होते. गळ्यातला टॉवेल काढा, हातमोजे नकोत.

फर्मा तयार झाला की त्याच्या अंगावर मार्करनं लिहा: कुठला बुश, कुठला बिट, आत की बाहेर. भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, पावसात वाकतो. भोक पाडून खिळ्याला सरळ टांगा, किंवा सपाट फळीवर वजनाखाली ठेवा. गणपतीनंतर उघडीप पडली की काम सुरू करण्याआधी ६६ चं तोंड ६६ च आहे का, ते व्हर्निअरनं एकदा बघून घ्या.