ग्राफिकल डेस्कटॉप सुरू होत नाही? आधी गाडी कुठे अडलीय ते पाहा

लिनक्स बूट होतं आणि पुढे नुसती काळी स्क्रीन. किंवा लॉगिनची खिडकी येते, पासवर्ड बरोबर असतो, क्षणभर स्क्रीन काळी होते आणि पुन्हा तीच खिडकी. दोन्ही तक्रारी 'डेस्कटॉप उघडत नाही' अशाच सांगितल्या जातात, पण त्यांची कारणं सहसा वेगळी असतात. लॉगिनची खिडकी दिसत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर आणि डिस्प्ले मॅनेजर (ती खिडकी दाखवणारा प्रोग्रॅम) बहुतेक ठीक असतात, दोष तुमच्या खात्यात शोधायचा. खिडकीच येत नसेल तर त्याच्या खालच्या थरात. सिस्टिम नव्याने टाकायची घाई करू नका: होम फोल्डर तसंच ठेवलंत तर खात्यातला दोष नव्या सिस्टिमवरही जसाच्या तसा भेटतो.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा, आणि कॅपिटल असं सांगितलं नसेल तर स्मॉलच.)

टेक्स्ट कन्सोल मिळवा

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं. इथे पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ते तसंच असतं. पासवर्ड नाकारला गेला तर कन्सोलचा कीबोर्ड लेआउट वेगळा आहे का बघा. विशेष चिन्हं तिथेच दगा देतात.

कन्सोलही येत नसेल तर ग्रबच्या (बूट होताना सिस्टिम निवडायला देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेन्यूत ई दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ३ लिहा आणि एफ१० दाबा. सिस्टिमडी (सेवा सुरू करणारा व्यवस्थापक) असलेली सिस्टिम मग ग्राफिक्सशिवाय उठते. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो.

लॉगिन करताच पुन्हा लॉगिन

सगळ्यात आधी 'डीएफ -एच'. रूट किंवा होम विभाजन १०० टक्के भरलं असेल तर पुढचं काही तपासू नका. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये डीफॉल्टने ५ टक्के जागा रूट या प्रशासक खात्यासाठी राखीव असते, त्यामुळे सिस्टिमच्या सेवा चालू राहतात, पण तुमच्या खात्याला एक फाइलसुद्धा लिहिता येत नाही आणि सेशन कोसळतं. जागा दिसत असूनही लिहिता येत नसेल तर 'डीएफ -आय' ने आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपलेत का ते पाहा. जागा मोकळी करायला 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम' (एम कॅपिटल) आणि 'सुडो एपीटी क्लीन' किंवा 'सुडो डीएनएफ क्लीन ऑल'. होममधली '.एक्ससेशन-एरर्स' ही लॉग फाइल कधीकधी कित्येक जीबी फुगते, तिच्याकडेही नजर टाका.

मग मालकी. होममध्ये 'एलएस -एलए' चालवा. '.एक्सऑथॉरिटी' (एक्स कॅपिटल), '.आयसीईऑथॉरिटी' (आयसीई कॅपिटल), '.कॅश' किंवा '.कॉन्फिग' यांपुढे मालक म्हणून रूट दिसला तर चोर सापडला. सुडो लावून ग्राफिकल प्रोग्रॅम किंवा 'स्टार्टएक्स' (कन्सोलवरून डेस्कटॉप सुरू करणारी कमांड) चालवलं की असं होतं. 'सुडो सीएचओन -आर' (आर कॅपिटल), त्यापुढे तुमचं युझरनेम, त्याला चिकटून विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, आणि शेवटी तुमच्या होमचा पूर्ण पाथ. पाथ दोनदा वाचा. तिथे चुकून नुसता स्लॅश पडला तर अख्ख्या सिस्टिमची मालकी बदलेल.

'एलएस -एलडी /टीएमपी' मध्ये परवानग्यांच्या शेवटी टी हे अक्षर हवं. नसेल तर 'सुडो सीएचमॉड १७७७ /टीएमपी'.

इथवर सगळं ठीक असेल तर 'सुडो युझरअ‍ॅड -एम' ने एक चाचणी खातं काढा, 'सुडो पासडब्ल्यूडी' ने त्याला पासवर्ड द्या आणि त्यातून लॉगिन करा. तिथे डेस्कटॉप उघडला तर तुमच्या '.प्रोफाइल', '.बॅश_प्रोफाइल' किंवा '.एक्सप्रोफाइल' मध्ये एखादं 'एक्झिट' वा 'एक्झेक' राहिलंय का ते शोधा. ग्नोमवाल्यांनी '.लोकल/शेअर/ग्नोम-शेल/एक्स्टेन्शन्स' फोल्डरचं नाव बदलून पाहावं. ग्नोमची नवी आवृत्ती आली की जुनी एक्स्टेन्शन्स बिनसतात.

लॉगिनची खिडकीच नाही

'सिस्टिमसीटीएल गेट-डीफॉल्ट' ने 'मल्टी-युझर.टार्गेट' असं उत्तर दिलं तर बिघाड नाहीच, ग्राफिकल बूट बंद आहे: 'सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डीफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट'. नाहीतर 'सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर' आणि 'जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर' वाचा.

एक्सॉर्ग (पडद्यावर चित्र दाखवणारा जुना ग्राफिक्स सर्व्हर) वापरत असाल तर त्याचा लॉग '/व्हार/लॉग' मध्ये किंवा होममधल्या '.लोकल/शेअर/एक्सॉर्ग' मध्ये असतो. फाइलची तारीख आधी बघा, नाहीतर महिन्यापूर्वीची चूक आज शोधत बसाल. कंसात दोन कॅपिटल ई असलेल्या ओळी चुकांच्या. 'नो स्क्रीन्स फाउंड' हा परिणाम आहे, कारण नव्हे. ते त्याच्या वरच्या ओळींत असतं. वेलँडवर (एक्सॉर्गच्या जागची नवी पद्धत) हा लॉग बनत नाही, तिथे 'जर्नलसीटीएल' ने जर्नलच वाचायचं.

कर्नल अपडेटनंतर लगेच स्क्रीन काळी झाली आणि कार्ड एनव्हिडियाचं असेल, तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बनलेलं नसण्याची शक्यता मोठी. ग्रबच्या प्रगत पर्यायांतून जुना कर्नल निवडून काम चालू ठेवा. दुरुस्तीसाठी नव्या कर्नलमध्ये 'युनेम -आर' आणि 'डीकेएमएस स्टेटस' (डीकेएमएस नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बनवतं) यांचे आकडे जुळवा. न जुळल्यास त्या कर्नलचे हेडर्स टाकून 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल'. मॉड्यूल बनूनही लोड होत नसेल तर 'एमओकेयुटिल --एसबी-स्टेट' ने सिक्युअर बूट चालू आहे का पाहा. सही नसलेलं मॉड्यूल तो अडवतो. सहीची की नोंदवा किंवा सिक्युअर बूट बंद करा. 'एलएसपीसीआय -के' मध्ये कार्डाखाली सध्या कोणता ड्रायव्हर चालू आहे ते दिसतं.

ग्रबमध्ये 'नोमोडसेट' (कर्नलला ग्राफिक्स मोड बदलू न देणारा पर्याय) जोडण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तात्पुरता ठीक, कायम ठेवलात तर इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर नीट लोडच होत नाहीत आणि सगळं संथ चालतं.

कार्ड बदललं असेल तर '/ईटीसी/एक्स११/एक्सॉर्ग.कॉन्फ' (फोल्डरच्या नावातला एक्स कॅपिटल) राहिली आहे का पाहा. असेल तर नाव बदला. एक्सॉर्ग हार्डवेअर सहसा स्वतःच ओळखतो.

फ्रीबीएसडीवर (ही लिनक्स नव्हे, युनिक्ससारखी वेगळी सिस्टिम) ग्राफिक्स ड्रायव्हरचं 'डीआरएम-केमॉड' पॅकेज, आरसी.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये 'केएलडी_लिस्ट' ला 'आय९१५केएमएस' किंवा 'एएमडीजीपीयू', आणि युझर 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये, या तिन्ही गोष्टी हव्यात. नव्या रिलीजवर गेल्यावर केमॉडही त्याच रिलीजसाठीचं लागतं.

'स्टार्टएक्स' लगेच बंद पडत असेल तर '.एक्सइनिटआरसी' ची शेवटची ओळ पाहा: तिथे अँपरसँड असेल तर स्क्रिप्ट संपते आणि सर्व्हरही बंद होतो. अँपरसँड काढा, आधी 'एक्झेक' लावा.