पीटर फॉक कसा बघावा

आमच्या तालमीत नवं पोरगं आलं की पहिला आठवडा मी त्याच्या हातात संहिता देतच नाही. ‘कोलंबो’ या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेचा एक भाग बघून ये म्हणतो. दुसऱ्या दिवशी ठरलेली तक्रार येते : “सर, खुनी कोण ते सुरुवातीलाच दाखवलं. मग बघायचं काय?” त्यात पोलीस तपासनीस कोलंबो झालेल्या पीटर फॉकला बघायचं. खुनी कोण याचं कोडं डोक्यात नसलं, की नट काय करतोय तिकडे लक्ष जातं. दरवर्षी तेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून यंदा लिहूनच देतो.

एकूण ६९ भाग आहेत. १९६८ साली आलेल्या पहिल्या चित्रपटापासून सुरुवात करू नका. त्यात फॉकच आहे, पण कोलंबो अजून शिजायचा आहे : केस जागच्या जागी, बोलणं धारदार. १५ सप्टेंबर १९७१ला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर लागलेला ‘मर्डर बाय द बुक’ लावा. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा. हे नाव कळलं की पोरं नटाला सोडून कॅमेऱ्याच्याच मागे लागतात. ती हौस नंतर भागवा.

त्या भागात नवरा बेपत्ता झालेल्या एका बाईला कोलंबो तिच्या घरी सोडतो आणि सरळ स्वयंपाकघरात शिरून तिच्यासाठी ऑम्लेट करतो. हा प्रवेश तीनदा बघायचा. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, फक्त हात. परक्याच्या घरातल्या ओट्याशी हा माणूस किती निवांत उभा आहे ते बघा. तिसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त आवाज. मग लक्षात येतं, की ऑम्लेटच्या गप्पांत त्याने चौकशीचे प्रश्न कधी मिसळले ते आपल्यालाही कळलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फॉक व्यापारी जहाजावर आचारी होता. त्या हातांना अंड्याची सवय तिथलीच असावी, असं मी आपलं धरून चालतो.

आता चेहरा. तीन वर्षांचा असताना कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला. तिथे काचेचा बसवला. शाळेत बेसबॉल खेळताना पंचाने बाद दिलं, तर याने तो डोळा काढून पंचाच्या हातावर ठेवला, असं तो स्वतःच सांगायचा. पुढे कोलंबिया स्टुडिओच्या हॅरी कोनने ‘याच पैशांत दोन डोळ्यांचा नट मिळेल’ म्हणून त्याला परत पाठवलं. जवळच्या दृश्यांत त्याची मान किंचित तिरकी होते, नजर कुठे आहे याचा पत्ता लागत नाही आणि समोरचा खुनी अस्वस्थ होतो. व्यंग लपवण्यात त्याने शक्ती घालवली नाही.

नोकरी सांभाळून तालमीला येणाऱ्यांनी पुढचं जरा सावकाश वाचा. फॉक प्रशासनशास्त्रात पदव्युत्तर शिकला आणि हार्टफर्डला कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प खात्यात नोकरीला लागला. तिथून गाडी हाकत तो रंगभूमीवरची नटी ईव्हा ल गॅलिएन हिच्या अभिनयाच्या वर्गाला जायचा. वर्ग व्यावसायिक नटांचा, म्हणून याने तशी थाप मारलेली. नेहमी उशीर का होतो, असं बाईंनी विचारल्यावर खरं बाहेर आलं : मी नट नाही. बाई म्हणाल्या, मग व्हायला हवं. त्याने राजीनामा दिला. (तुम्ही लगेच देऊ नका. आधी पाठांतर करा.)

कोलंबोच्या चुरगळलेल्या रेनकोटकडे फार बघू नका, हे मी अनुभवाने सांगतो. एका एकांकिकेत मी पोलिसाच्या भूमिकेतल्या मुलाला तसाच चुरगळलेला कोट आणि चिरूट दिला. पोरगं बिचारं सगळा वेळ कोटच सांभाळत राहिलं, वाक्यं खिशातच राहिली. फॉकचा कोट त्याचा स्वतःचा होता, घरून आणलेला. कपडेपटाने दिलेला नव्हता, त्यामुळे त्याला तो सांभाळावा लागत नव्हता.

त्याऐवजी पेन्सिल बघा. ऐन दृश्यात तो समोरच्याकडे पेन्सिल मागायचा, खिसे चाचपायचा. पुष्कळदा हे संहितेत नसायचं. समोरचा नट खरोखर गोंधळायचा आणि तो गोंधळ पडद्यावर यायचा. तालमीत करून बघा, पण जोडीदाराला आधी सांगून ठेवू नका.

आणि दारापर्यंत जाऊन राहिलेला प्रश्न विचारायला परत वळणं. ही लकब लेव्हिन्सन आणि लिंक या लेखकांच्या आळसातून आली. मालिकेआधी त्यांनी कोलंबोचं नाटक लिहिलं होतं. त्याचा एक प्रवेश तोकडा पडला, कोलंबो तर आधीच बाहेर गेलेला, पुन्हा सगळं टंकायचा कंटाळा, म्हणून त्यांनी त्याला परत आत आणलं. आपल्याकडे पोरं वळायचं म्हणून वळतात. फॉक खरंच निघालेला असतो. त्याची पाठ बघा, पाऊल बाहेर पडलेलं असतं. कडीला हात लावेपर्यंत स्वतःलाच आठवू देऊ नका.

शेवटी कोलंबो बाजूला ठेवून दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटीसचा १९७४चा चित्रपट ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ बघा. त्यात फॉक बांधकामावरचा मुकादम आहे, बायकोवर जीव आहे आणि तिचं काय करावं ते कळत नाही. ऑम्लेट करणारे तेच हात इथे बायकोवर उठतात. इथे आवाज बंद करू नका.