कुऱ्हाडवाल्या ड्वार्फचा निशाणधारी: धातूची मिनिएचर कापून, जोडून, रंगवायची कशी

मिनिएचर म्हणजे टेबलावर सैन्य मांडून खेळायच्या युद्धखेळातले छोटे पुतळे. सेकंडहँड घेतलेल्या अशा मिनिएचरच्या एका लॉटमध्ये मला एकच ड्वार्फ, म्हणजे परीकथेतला बुटका दाढीवाला योद्धा, दोनदा मिळाला. उजव्या हातात उभी धरलेली कुऱ्हाड, डाव्या हातात गोल ढाल, पोटापर्यंत दाढी. उंची जेमतेम दोन सेंटिमीटर, पण तळहातावर ठेवला की वजन जाणवतं. एक तसाच ठेवला. दुसऱ्याची कुऱ्हाड काढून हातात झेंडा दिला आणि तो अख्ख्या तुकडीचा निशाणधारी झाला. ते काम कसं केलं ते इथे क्रमाने सांगतो. हीच पद्धत भालाईत करायला, मशाल द्यायला किंवा हात बदलायलाही चालते.

एक गोष्ट आधी सांगतो: कापायची ती दुसरी प्रत. जुनी, दुर्मिळ, एकच असलेली मिनिएचर करवतीखाली घालू नका. धातू पुन्हा जोडता येतो, पण मूर्तिकाराने कोरलेली बारीक रेघ परत आणता येत नाही.

हातात काय आहे ते ओळखा

अमेरिकेत सिनसिनाटीला राल पार्था, इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशरच्या न्यूअर्क गावात सिटाडेल, अशा कंपन्या १९७० च्या दशकात या मिनिएचर ओतू लागल्या. ओतकामाची पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. रबराच्या दोन गोल चकत्यांमध्ये साचा असतो. तो फिरत असताना मधल्या भोकातून वितळलेला धातू ओततात, आणि फिरण्याच्या जोराने धातू कडेच्या पोकळ्यांत शिरतो. म्हणून प्रत्येक मिनिएचरवर दोन खुणा राहतात. दोन चकत्या जिथे मिळतात तिथे अंगभर एक बारीक शिवण येते, आणि हवा बाहेर जायच्या वाटांमध्ये धातू शिरून केसासारखे कोंब फुटतात.

जुन्या मिनिएचरमध्ये शिसं असतं. १९९० च्या दशकात बऱ्याच कंपन्या बिनशिशाच्या, कथिलाच्या मिश्रधातूकडे वळल्या. शिसं जास्त असेल तर कागदावर घासल्यावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. असा धातू मऊ असतो, हळूहळू वाकवता येतो. बिनशिशाचा कडक असतो आणि मागे-पुढे वाकवला तर तुटतो. तो वाकवायचाच असेल तर एकाच दिशेने, एकदाच.

शिशाचा कीस पोटात जाता कामा नये. कानस लावताना खाली ओला कागद पसरा, मिनिएचर अधूनमधून ओली करा, नाकावर मास्क ठेवा, टेबलावर चहाचा कप नको. काम संपलं की कागद गुंडाळून टाका आणि हात साबणाने धुवा. घरात लहान मूल असेल तर हे काम ते झोपल्यावरच करा. शिशाच्या मिनिएचर बंद लाकडी कपाटात ठेवू नका. ओकसारख्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि तिने शिशावर पांढरी भुकटी धरते, ती धातू खात जाते.

जुना रंग काढायला ॲसिटोन चालतो. खालचा प्लॅस्टिकचा बेस आधी काढून घ्या, नाहीतर तो विरघळेल. झाकणाच्या काचेच्या बरणीत एक रात्र ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. ॲसिटोन पेट घेतो, म्हणून खिडकी उघडी आणि गॅस बंद. त्यात जुना फेविक्विकही सुटतो, त्यामुळे आधीच्या मालकाने वेडेवाकडे चिकटवलेले हात आपोआप हाती येतात.

शिवण काढणे

सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानात बारीक कानशींचा संच मिळतो. त्यातल्या अर्धगोल आणि गोल या दोन सर्वांत जास्त लागतात. कपड्यावरची, चिलखतावरची शिवण कानशीने काढा. दाढी आणि चेहऱ्यावर कानस नको. तिथे कटरच्या पात्याची पाठ धारेसारखी उभी धरून हलकेच खरवडा. शिवण दिसत नसेल तर मिनिएचर दिव्याखाली तिरकी फिरवा, सावलीत ती लगेच उठून दिसते. या कामाला अर्धा तास लागला तरी द्या, कारण रंगाखाली शिवण लपत नाही, उलट वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, दिल्यावर काळी रेघ होऊन वर येते. शेवटी भांड्यांच्या साबणाने घासून धुवा, म्हणजे साच्यातली भुकटी आणि हाताचा तेलकटपणा जाईल.

मुठीतून भोक

सगळ्या कामात हाच भाग सर्वांत नाजूक आहे.

कुऱ्हाडीचा दांडा मुठीच्या वर आणि खाली कापायचा. साइड कटरने थेट मुठीला लागून कापलं तर धातू चेपतो आणि बोटं पसरतात. म्हणून दोन्हीकडे एक-दीड मिलिमीटर दांडा ठेवून कापा, आणि उरलेला कानशीने मुठीच्या पातळीत आणा. सोनारी करवत असेल तर कटरपेक्षा ती बरी. कापलेलं कुऱ्हाडीचं पातं जपून ठेवा, ते पुढे लागणार आहे.

आता १ मिलिमीटरचं ड्रिल बिट आणि पिन व्हाइस, म्हणजे बोटांनी फिरवायचा छोटा ड्रिल. इलेक्ट्रिक ड्रिल इथे वापरू नका, तो एका क्षणात मुठीच्या बाहेर निघतो. पहिल्या वेळी मी बिट सरळ गुळगुळीत धातूवर टेकवलं आणि फिरवायला लागलो. ते घसरलं, अंगठ्यावर चरा पडला आणि बिटाचं टोक मुठीत तुटून अडकलं. ते निघालंच नाही, शेवटी नवा हात बसवावा लागला. तेव्हापासून आधी टोकदार सुईने मधोमध खड्डा पाडतो, तो भिंगातून पाहतो, आणि मगच बिट लावतो.

भोक एका बाजूने आरपार पाडायला जाऊ नका. वरून निम्मं, खालून निम्मं, आणि दोन्ही मध्यावर मिळू द्या. थोडं तिरकं झालं तरी मूठ फुटत नाही, आणि मिळालेल्या ठिकाणी बिट दोन-चारदा फिरवलं की वाट सरळ होते. मऊ धातू बिटाच्या खाचांत भरतो, म्हणून तीन-चार फेऱ्यांनंतर बिट बाहेर काढून ब्रशने साफ करा. बिटाला थोडं मेणबत्तीचं मेण चोळलं तर ते अडकत नाही. बिट जड वाटायला लागलं की जोर वाढवू नका, मागे घ्या.

काठीसाठी १ मिलिमीटरची पितळी तार. पुण्यात बोहरी आळीत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या बाजारात ती मिळते. गुंडाळीची तार सरळ करायची तर दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून लाटण्यासारखी लाटा. सुमारे साडेपाच सेंटिमीटरचा तुकडा मुठीतून घाला, पण अजून चिकटवू नका.

हात किंवा डोकं बदलायचं असेल तर तिथेही हीच युक्ती लागते. दोन्ही पृष्ठभागांत भोक पाडून मध्ये तारेची खीळ घालायची आणि मग फेविक्विक. एका बाजूच्या भोकावर ओल्या रंगाचा ठिपका द्या आणि दुसरी बाजू त्यावर टेकवा. ठिपका जिथे उमटेल तिथेच दुसरं भोक. नुसत्या फेविक्विकवर धातूचा जड हात टिकत नाही, टेबलावरून एकदा पडला की सुटतो.

रांगेत उभा करून पाहा

चिकटवण्याआधी हे करा. युद्धखेळात हे सैनिक २० मिलिमीटरच्या चौकोनी बेसवर एकमेकांना खेटून रांगेत उभे राहतात. शोकेसमध्ये सुंदर दिसणारा बाजूला फडकणारा झेंडा तिथे शेजाऱ्याच्या डोक्यात घुसतो. म्हणून झेंडा मागच्या बाजूला उडतोय असा ठेवा आणि काठी किंचित पुढे झुकवा. लांब काठीने मिनिएचर डोक्याकडे जड होते, ती कलत असेल तर बेसच्या आतून एक लोखंडी वॉशर चिकटवा.

झेंडा आणि पुट्टी

झेंडा साध्या छपाईच्या कागदाचा. काठीभोवती दुमडता येईल असा दुप्पट लांबीचा आयत कापा, आतून फेविकॉल लावा, काठीवर बसवून दोन्ही बाजू मिटवा. मग फेविकॉल आणि पाणी सम प्रमाणात घेऊन बाहेरून ओला करा आणि पेन्सिलीवर वळवून लाटा पाडा. काठीजवळ लाट लहान, मोकळ्या टोकाकडे मोठी. वाळला की पत्र्यासारखा कडक होतो.

आता ग्रीन स्टफ, म्हणजे दोन पट्ट्या एकत्र मळून करायची, नंतर कडक होणारी पुट्टी. निळी आणि पिवळी पट्टी सारखी घ्या, दोन्ही जिथे आधीच चिकटलेल्या असतात ती मधली रेघ कापून टाका, कारण तिथे गुठळ्या होतात. एकच हिरवा रंग येईपर्यंत मळा. पहिली वीसेक मिनिटं ती हाताला आणि हत्याराला चिकटते. थोडी आवळली की आकार धरते, आणि सुमारे दीड तास काम करू देते. हत्यार सतत पाण्यात बुडवत राहा.

कानशीने मुठीची वरची बोटं सपाट झालेली असतात. मोहरीच्या दाण्याएवढी गोळी तिथे दाबा, काठीभोवती पसरवा आणि सुईने काठीला आडव्या अशा तीन रेघा ओढा. चार बोटं तयार. त्याच्या खाली काठीला कातडी पट्टा गुंडाळल्यासारखी बारीक वळी लावली की तार आणि मूठ यांचा सांधा झाकतो. काठीच्या टोकाला एक गोळी, वरून थोडी चेपलेली. ठेवलेलं पातं पाठीवर खीळ घालून लावा आणि त्यावरून पुट्टीचा पट्टा तिरका घ्या. कुऱ्हाड पाठीला बांधून हा गडी झेंडा घेऊन निघालाय, हे न सांगता कळतं. असा एक तपशील मला दहा दागिन्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

घरातलं एम-सील चालेल का? बेसवरचे खडक, मोठी भगदाडं यांना उत्तम. कडक होतं आणि कानशीने छान घासता येतं. पण लवकर आवळतं, आणि त्याच्या पातळ कडा तुटतात. बोटं आणि पट्टे ग्रीन स्टफचेच करा, आणि रंगाआधी पुरती रात्र वाळू द्या.

प्राइमर

धातूवर ॲक्रिलिक रंग थेट धरत नाही, नखाने निघतो. म्हणून आधी प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा खालचा थर. स्प्रे प्राइमर वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, थांबून थांबून, पातळ थरांत मारा. आधी सगळीकडून काळा, तो वाळला की फक्त वरून तिरका पांढरा. उजेड कुठून पडतो ते लगेच दिसतं आणि पुढे रंगवताना तोच नकाशा होतो. पावसाळ्यात मात्र स्प्रे बाहेर काढू नका. दमट हवेत प्राइमर खरखरीत बसतो, वॉर्निश दुधाळ होतं. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रशने लावायचा प्राइमर वापरा, वेळ जातो पण खात्रीचा आहे. चोवीस तास हात लावू नका.

रंग

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा चार पावलांवरूनही ओळखू येतो, कारण त्याच्या मिशा ठसठशीत काळ्या आणि पागोटं भडक असतं. इथेही तेच तत्त्व. टेबलावरची मिनिएचर हातभर अंतरावरून पाहायची असते, म्हणून सावली खऱ्यापेक्षा गडद आणि उजेड खऱ्यापेक्षा उजळ ठेवा. आणि नजर एकाच ठिकाणी न्या. इथे ती झेंड्यावर आणि चेहऱ्यावर हवी, म्हणून अंगरखा मी मंद गडद निळा ठेवला.

ब्रश चांगल्या टोकाचा १ नंबर घ्या. अगदी बारीक ब्रशमध्ये रंग मावत नाही, तो टोकावरच सुकतो. डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा बटर पेपर ठेवला की रंग तासन्‌तास ओला राहतो. रंग पातळ दुधासारखा करा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ द्या.

साखळीचं चिलखत काळ्यावर चंदेरी ड्रायब्रशने, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश उंचवट्यांवरून फिरवून, दोन मिनिटांत होतं. ढालीची लोखंडी कड गडद चंदेरी, वर काळा वॉश, मग फक्त धारेवर उजळ चंदेरी.

दाढीला वेळ द्या. आधी गडद तपकिरी, मग विटकरी, पण विटकरी बटांच्या उंचवट्यावरच, खाचा गडद राहू द्या. नंतर विटकरीत थोडा पिवळा मिसळून रेघा ओढा, ब्रश नेहमी हनुवटीकडून खाली. प्रत्येक रेघ आधीच्यापेक्षा आखूड. शेवटच्या, सर्वांत उजळ रेघा फक्त गालाजवळ आणि जिथे दाढी पोटावरून पुढे येते तिथे. चेहऱ्यात नाकाचा शेंडा, गालाची हाडं आणि भुवईची कड एवढंच उजळलं तरी पुरे. दाट भुवयांखाली डोळ्यांचा पांढरा भाग मी रंगवत नाही, सावलीतला एक गडद ठिपका जास्त जिवंत दिसतो.

झेंडा पिवळा केला. पिवळा काळ्यावर कधीच नीट बसत नाही, म्हणून आधी गेरू-तपकिरीचे दोन थर आणि मग पिवळा. त्यावर काळा हातोडा: आधी पाणचट रंगाने चौकोन आणि दांडा आखा, नंतर भरा, आणि चुकलेली कड पिवळ्यानेच कापून सरळ करा. लाटेच्या खोलगटात हातोडाही थोडा गडद करा, नाहीतर तो कापडावर काढलेला न वाटता वरून चिकटवल्यासारखा दिसतो.

बेसवर फेविकॉल आणि चाळलेली वाळू, ती वाळली की तपकिरी, मग फिकट ड्रायब्रश. कडेला एखादा गवताचा झुबका.

धातूच्या जड मिनिएचरचा रंग खेळताना कडांवरून उडतो. म्हणून आधी चकचकीत वॉर्निश, ते कडक असतं, आणि दुसऱ्या दिवशी वरून मॅट, चकाकी मारायला. मॅट वाळल्यावर ढालीची कड आणि कुऱ्हाडीच्या पात्यावर ब्रशने पुन्हा थोडं चकचकीत लावा, लोखंड परत लोखंडासारखं दिसतं. आणि खेळताना त्याला उचलायचं ते बेसला धरून, काठीला नाही.