नको असलेल्या इंटरनेट जोडण्या कशा रोखाव्यात

संगणकात फायरवॉल (जोडण्यांना मुभा देणारी किंवा त्या अडवणारी यंत्रणा) सुरू आहे एवढ्यावर बहुतेक जण निश्चिंत होतात. परंतु ती फायरवॉल नेमके काय अडवते हे तपासले, तर ही निश्चिंती फार काळ टिकत नाही. विंडोजची अंगभूत फायरवॉल मूळ मांडणीत बाहेरून न मागता आत येऊ पाहणाऱ्या जोडण्या अडवते आणि आतून बाहेर जाणाऱ्या जवळजवळ सर्व जोडण्यांना मुभा देते. मॅकओएसच्या सेटिंग्जमध्ये दिसणारी फायरवॉल तर केवळ आत येणाऱ्या जोडण्यांचाच विचार करते. बाहेरच्या हल्लेखोराला थोपवण्यासाठी ही रचना योग्य असली, तरी खासगीपणाला असलेला धोका बहुतांशी उलट दिशेचा आहे. आपण स्वतःच बसवलेले ॲप, मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम किंवा प्रिंटरसोबत आलेले सॉफ्टवेअर आपल्या नकळत कुठल्यातरी सर्व्हरशी बोलू लागते आणि त्या बोलण्याला कोणीही हरकत घेत नाही. म्हणून या लेखात बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचाच मुख्यतः विचार केला आहे.

अशा जोडणीतला मजकूर कूटबद्ध (इतरांना वाचता न येणारा) असला, म्हणजे काहीच उघड होत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात जोडणी झाली एवढ्यानेच समोरच्या सर्व्हरला आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक) कळतो, त्यावरून ढोबळमानाने ठिकाण कळते आणि आपण कोणते ॲप केव्हा उघडतो याची वेळापत्रकासारखी नोंद तयार होत जाते. त्यात फोनची जाहिरात-ओळख (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक) जोडली गेली, की वेगवेगळ्या ॲपमधील नोंदी एकाच व्यक्तीच्या म्हणून एकत्र बांधता येतात. जी जोडणी झालीच नाही, तिच्यातून मात्र यातले काहीही जाऊ शकत नाही, आणि म्हणूनच जोडणी मुळाशी रोखणे हा उपाय इतर अनेक उपायांपेक्षा भक्कम ठरतो.

येथेच व्हीपीएनविषयी एक खुलासा आवश्यक आहे. व्हीपीएन, म्हणजे आपली वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा, आपला आयपी पत्ता झाकते आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीपासून आपली वाहतूक लपवते, पण ॲपला बोलण्यापासून रोखत नाही. माग काढणाऱ्या सर्व्हरकडे ॲप जी माहिती पाठवणार होते, ती व्हीपीएनच्या बोगद्यातूनही तशीच पोहोचते. काही व्हीपीएन सेवा सोबत माग काढणाऱ्या सर्व्हरची नावे गाळण्याची सोय देतात. तरीही ती वेगळी सोय आहे, हे ध्यानात ठेवावे.

आधी पाहावे, मग अडवावे

नियम लिहायला घाईने बसू नये. आपल्या यंत्रातून नेहमी कोण कोण बाहेर बोलते, हे ठाऊक नसताना केलेली अडवणूक एकतर अपुरी पडते किंवा नको ते बंद पाडते. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडून नेटवर्कचा भाग पाहिला, तर कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्याशी जोडला आहे हे त्याच क्षणी दिसते. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधील नेटवर्कचा भाग प्रत्येक प्रक्रियेने किती माहिती पाठवली आणि घेतली ते सांगतो. आयफोनवर आयओएस १५.२ पासून ॲप प्रायव्हसी रिपोर्ट उपलब्ध आहे. तो सेटिंग्जमधून सुरू करून काही दिवस तसाच ठेवला, तर कोणत्या ॲपने कोणत्या डोमेनशी (म्हणजे कोणत्या नावाच्या सर्व्हरशी) संपर्क केला याची स्वच्छ यादी मिळते. ही यादी प्रत्येक आयफोनधारकाने एकदा तरी वाचावी, असे मला मनापासून वाटते, कारण एखाद्या साध्या ॲपच्या खाली जाहिरात आणि विश्लेषण कंपन्यांची नावे ओळीने लागलेली पाहिल्यावर या विषयाचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

नावे समोर आली, की त्यांतील काही आवश्यक म्हणून बाजूला काढावी लागतात. सुरक्षा अद्यतने, घड्याळ जुळवणारी सेवा, संकेतस्थळाची ओळख पटवणारे सुरक्षा प्रमाणपत्र अजून वैध आहे की रद्द झाले हे तपासणारी जोडणी आणि फोनवर सूचना पोहोचवणारी जोडणी या चारही गोष्टी पार्श्वभूमीवर चालतात, त्यांची नावे अनोळखी वाटतात आणि म्हणून नवखा माणूस त्यांनाच सर्वांत आधी बंद करतो. घड्याळ चुकले, की संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरू लागतात. अद्यतने थांबली, की खासगीपणा जपण्याच्या नादात सुरक्षितताच हातची जाते. एखादे नाव कशाचे आहे हे कळत नसेल, तर ते आधी शोधून पाहावे आणि तरीही उलगडा झाला नाही, तर थोड्या काळापुरते अडवून काय बंद पडते याचे निरीक्षण करावे.

संगणकावरचे नियम

विंडोजमध्ये यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घेतलेच पाहिजे असे नाही. स्टार्ट मेनूत विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी शोधून उघडावे, डावीकडील आउटबाउंड रूल्सवर जावे आणि उजवीकडून न्यू रूल निवडावा. नियमाचा प्रकार प्रोग्राम ठेवून ज्या प्रोग्रामला अडवायचे आहे त्याची मूळ फाइल दाखवावी, पुढच्या पायरीवर जोडणी अडवण्याचा पर्याय घ्यावा, डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक या नेटवर्कच्या तिन्ही प्रकारांच्या खुणा कायम ठेवाव्यात आणि शेवटी नियमाला असे नाव द्यावे की सहा महिन्यांनंतरही तो का केला हे आपल्याला कळेल. या फायरवॉलमध्ये स्पष्ट अडवणुकीचा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो, त्यामुळे एखाद्या प्रोग्रामसाठी दोन्ही प्रकारचे नियम असले तर तो अडवलेलाच राहतो.

या पद्धतीतील मोठी उणीव अशी, की नियम फाइलच्या ठिकाणाला बांधलेला असतो. काही प्रोग्राम प्रत्येक अद्यतनाच्या वेळी नव्या आवृत्तीच्या नावाचा नवा फोल्डर तयार करतात आणि तेथून चालू लागतात. जुना नियम यादीत तसाच दिसत राहतो, पण त्याच्या तावडीत कोणीच नसते. शिवाय अनेक प्रोग्राम अद्यतने शोधण्याचे किंवा वापराची माहिती पाठवण्याचे काम दुसऱ्याच एका मदतनीस फाइलकडे सोपवतात. म्हणून मुख्य फाइल अडवून थांबू नये. त्याच फोल्डरमधील इतर चालणाऱ्या फाइलीही तपासाव्यात.

ज्यांना प्रत्येक प्रोग्रामने पहिल्यांदा बाहेर जाताना विचारावे अशी व्यवस्था हवी आहे, त्यांच्यासाठी विंडोजवर सिंपलवॉल, विंडोज आणि लिनक्सवर पोर्टमास्टर, लिनक्सवर ओपनस्निच आणि मॅकवर लुलू ही मुक्त स्रोत साधने आहेत. मॅकवरील लिटल स्निच हे सशुल्क असले तरी बारकाईने नियम लिहिण्यासाठी प्रसिद्ध आहे. अशी साधने पहिल्या काही दिवसांत प्रश्नांचा भडिमार करतात. त्या काळात कंटाळून प्रत्येक प्रश्नाला होकार देण्याची सवय लागली, तर साधन असून नसल्यासारखेच होते. माझ्या मते पहिल्या आठवड्यात तात्पुरती परवानगी किंवा तात्पुरता नकार द्यावा आणि प्रश्नांचा ओघ ओसरला की मगच कायमचे नियम करावेत.

फोनवर

अँड्रॉइडमध्ये इंटरनेट वापरण्याची परवानगी ही सामान्य वर्गातील परवानगी आहे. कॅमेरा किंवा ठिकाणासाठी ॲपला आपल्याला विचारावे लागते, इंटरनेटसाठी मात्र विचारावे लागत नाही. ॲप बसवले की ती परवानगी आपोआप मिळते आणि बहुतेक फोनमध्ये ती काढून घेण्याची सोयही नसते. खासगीपणावर भर देणाऱ्या ग्राफीनओएससारख्या प्रणालीत प्रत्येक ॲपसाठी नेटवर्कची परवानगी बंद करता येते, पण ती सर्वांच्या आवाक्यातील गोष्ट नाही. टॉर्च, कॅल्क्युलेटर, कीबोर्ड, फोटो पाहण्याचे ॲप यांना इंटरनेटची मुळात गरज काय, हा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. कीबोर्डच्या बाबतीत तर तो फार गंभीरपणे विचारला पाहिजे, कारण आपण टंकलेले प्रत्येक अक्षर त्याच्या हातून जाते.

यावर नेटगार्ड हे मुक्त स्रोत ॲप उपयोगी पडते. फोनची मूळ व्यवस्था न बदलता ते फोनच्या आतच एक स्थानिक व्हीपीएन उभे करते, त्यातून सर्व वाहतूक वळवते आणि यादीतील प्रत्येक ॲपसमोर वाय-फाय व मोबाइल डेटा यांची स्वतंत्र चिन्हे देते, ज्यांवर बोट ठेवून ती वाट बंद करता येते. अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंग्जमध्ये ते नेहमी सुरू राहील असे ठरवावे, म्हणजे फोन पुन्हा सुरू झाल्यावर नियम विसरले जाणार नाहीत. मात्र अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालू देते, त्यामुळे नेटगार्ड आणि खरीखुरी व्हीपीएन सेवा एकत्र वापरता येत नाहीत. ज्यांना दोन्ही हवे आहे त्यांनी रीथिंक हे ॲप पाहावे, कारण त्यात ॲपनिहाय अडवणुकीसोबत वायरगार्ड या व्हीपीएन तंत्राची जोडणीही करता येते.

आयफोनवर इतके स्वातंत्र्य नाही. प्रत्येक ॲपचा मोबाइल डेटा बंद करता येतो, पार्श्वभूमीवर ताजे होणे थांबवता येते आणि घरातील इतर उपकरणे शोधण्याची परवानगी नाकारता येते; या तिन्ही गोष्टी कराव्यात. माग काढण्याची परवानगी मागणारी जी सूचना आयओएस १४.५ पासून दिसू लागली, ती नाकारल्यावर ॲपला जाहिरात-ओळख मिळत नाही, पण जोडणी मात्र थांबत नाही. तेवढ्यावर विसंबून न राहता आयफोनवर डीएनएसच्या (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) पातळीवरचा उपाय जोडावा.

नावाच्या पातळीवर अडवणूक

कोणतेही ॲप सर्व्हरशी जोडले जाण्यापूर्वी बहुधा डीएनएसकडे त्या सर्व्हरच्या नावाचा आयपी पत्ता विचारते. माग काढणाऱ्या नावांना उत्तरच दिले नाही, किंवा कुठेही न नेणारा शून्यांचा पत्ता दिला, तर जोडणी सुरूच होत नाही. हे काम करणारी पाय-होल आणि ॲडगार्ड होम ही साधने एखाद्या लहानशा संगणकावर चालवून राउटरच्या सेटिंग्जमध्ये त्या संगणकाचा पत्ता डीएनएस म्हणून दिला, की घरातील सर्व उपकरणांना एकाच वेळी संरक्षण मिळते. एवढा खटाटोप नको असेल, तर अँड्रॉइड ९ पासून आलेल्या खासगी डीएनएसच्या सेटिंगमध्ये गाळणी करणाऱ्या एखाद्या सेवेचे नाव भरावे; ही चौकशी कूटबद्ध स्वरूपात जाते. अशा वेळी आपण कोणत्या नावांची चौकशी करतो हे त्या सेवेला दिसते, म्हणून सेवा निवडण्याआधी ती नोंदी ठेवते का आणि किती काळ ठेवते हे वाचावे.

नावांच्या याद्या गोळा करण्याचा मोह टाळावा. दहा याद्या एकत्र केल्या म्हणजे दहापट संरक्षण मिळत नाही. बहुतेक नावे सामाईक असतात आणि चुकीने अडवल्या गेलेल्या नावांची संख्या मात्र वाढत जाते. नियमितपणे दुरुस्त होणारी एक चांगली यादी पुरते. पाय-होलच्या नोंदवहीत घरातील प्रत्येकाने कोणती संकेतस्थळे उघडली हेही साठते, ही बाब बहुतेक मार्गदर्शकांत सुटून जाते. घरातल्यांचा खासगीपणा जपायचा असेल, तर सेटिंग्जमधील खासगीपणाची पातळी वाढवून ही नावे लपवावीत आणि अशी यंत्रणा बसवली आहे हे सर्वांना आधी सांगावे.

या उपायाला मर्यादा आहेत. ज्या ॲपमध्ये आयपी पत्ता थेट लिहिलेला असतो किंवा जे स्वतःचा कूटबद्ध डीएनएस वापरते, ते या गाळणीला वळसा घालते. जाहिरात आणि मजकूर एकाच डोमेनवरून येत असतील, तर नावावरून त्यांत भेद करता येत नाही. ब्राउझरमध्ये ही कसर यूब्लॉक ओरिजिन (ब्राउझरला विस्तार म्हणून जोडायचे साधन) भरून काढते, कारण ते नावापलीकडे जाऊन प्रत्येक विनंती तपासते. माग काढणारी कंपनी संकेतस्थळाच्याच उपडोमेनचे रूप घेऊन आली, तरी फायरफॉक्समध्ये ते तिला ओळखू शकते. क्रोममध्ये विस्तारांची रचना बदलल्यामुळे तेथे त्याची तुलनेने कमी क्षमतेची लाइट आवृत्ती वापरावी लागते.

राउटर आणि घरातील इतर उपकरणे

ज्या उपकरणांवर आपण काहीच बसवू शकत नाही, त्यांच्यासाठी राउटर हेच ठिकाण उरते. स्मार्ट टीव्हीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. अनेक टीव्हींमध्ये पडद्यावर काय चालले आहे ते ओळखून कळवणारी यंत्रणा असते. प्रेक्षकांच्या संमतीविना अशी माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २०१७ साली व्हिझिओ या कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन व न्यू जर्सी राज्याशी २२ लाख डॉलरची तडजोड केली. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ही यंत्रणा आधी बंद करावी. त्यानंतर टीव्ही, कॅमेरे आणि स्मार्ट दिवे राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर हलवावेत, म्हणजे त्यांना आपले संगणक आणि फोन दिसणार नाहीत. इंटरनेटविना चालणाऱ्या उपकरणाची बाहेरची वाट राउटरमधून पूर्ण बंद करावी, आणि उपकरणांना स्वतःहून राउटरचे दरवाजे उघडू देणारी यूपीएनपी ही सोयही बंद ठेवावी.

हे सर्व करताना आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, विसरले जाते. नियम किंवा डीएनएसचा पत्ता केवळ जुन्या आयपीव्ही४ साठी लिहिला आणि इंटरनेट सेवा दोन्ही प्रकारचे पत्ते देत असेल, तर उपकरण दुसऱ्या वाटेने निघून जाते आणि आपल्या नोंदवहीत त्याचा मागमूसही राहत नाही. राउटर आयपीव्ही६ साठी कोणता डीएनएस वाटतो हे पाहावे आणि तोही आपल्याच गाळणीकडे वळवावा.

एखादे ॲप अचानक चालेनासे झाले, तर सगळी यंत्रणा बंद करू नये. ॲप उघडून ती अडचण पुन्हा घडवावी, त्याच मिनिटातील अडवलेल्या नोंदी पाहाव्यात आणि त्यांतील एकेक नाव मोकळे करत जावे. बहुधा दोषी नाव एकच निघते. प्रणालीचे मोठे अद्यतन झाल्यावर नियमांची यादी पुन्हा उघडावी, निकामी झालेले नियम नव्या फाइलींना जोडावेत आणि त्यानंतर अडवलेला प्रोग्राम मुद्दाम चालवून त्याची जोडणी खरोखर होत नाही ना, हे रिसोर्स मॉनिटरमध्ये पाहून घ्यावे.