सायन्स-बेस्ड टार्गेट ठेवताय? आकडा जाहीर करायच्या आधी या चुका टाळा

मोठ्या कंपनीत टार्गेट बऱ्याचदा असं ठरतं की वरून कोणीतरी म्हणतं "२०३० पर्यंत उत्सर्जनात ५० टक्के कपात", गोल आकडा, प्रेस रिलीजमध्ये छान दिसतो, आणि मग खालची टीम महिनोन्‌महिने तो आकडा कुठूनतरी जुळवत बसते. हिशोब उलटा करायचा असतो. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर जगाला उत्सर्जन किती वेगाने उतरवावं लागेल ते आधी, त्यात आपला वाटा किती ते नंतर. असं विज्ञानाच्या हिशोबाने ठरवलेलं टार्गेट म्हणजे सायन्स-बेस्ड टार्गेट, आणि ते तपासणारी एसबीटीआय (सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह) ही सीडीपी, यूएन ग्लोबल कॉम्पॅक्ट, डब्ल्यूआरआय आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थांनी मिळून २०१५ मध्ये सुरू केली, तर आधी त्यांचे नियम वाचा, मग प्रेस रिलीज लिहा.

एक्सेलमधली एक चूक तर अगदी नेहमीची. स्कोप १ (स्वतःच्या कारखान्यात, गाड्यांत जळणारं इंधन) आणि स्कोप २ (विकत घेतलेली वीज वगैरे) साठी "वर्षाला ४.२ टक्के कपात" असं वाचलं की लोक मागच्या वर्षाच्या आकड्यातून ४.२ टक्के वजा करत जातात. अहो, ते बेस इयरचे, म्हणजे ज्या वर्षापासून कपात मोजतो त्या वर्षाच्या उत्सर्जनाचे, ४.२ टक्के आहेत, दरवर्षी तेवढेच! १ लाख टनांपासून सुरुवात केली तर १० वर्षांनी ५८ हजारांवर यायला हवं, पण त्या फॉर्म्युल्याने तुम्ही ६५ हजारांवरच अडकता आणि शीट मात्र सगळी हिरवीगार. बेस इयर पण सोयीने निवडू नका, कोविडमध्ये प्लांट बंद होते ते वर्ष घेतलं तर पुढे नुसतं नेहमीचं काम सुरू झालं तरी उत्सर्जन वाढल्यासारखं दिसेल.

खरी मजा स्कोप ३ मध्ये आहे, म्हणजे सप्लायर, वाहतूक, विकलेला माल ग्राहक वापरतो ते सगळं, एकूण १५ कॅटेगरी. गाड्या बनवणाऱ्या कंपनीने कारखान्यावर सोलर लावलं तर चांगलंच आहे, पण तिचा मोठा आकडा रस्त्यावर जळणाऱ्या इंधनात असतो आणि तोच सोडला तर बाकीच्याला काही अर्थ नाही. स्कोप ३ एकूण उत्सर्जनाच्या ४० टक्के किंवा जास्त असेल तर त्याचं टार्गेट लागतंच, आणि जवळच्या मुदतीच्या टार्गेटमध्ये स्कोप ३ चा किमान ६७ टक्के भाग धरावा लागतो.

बरं, मोजायचं कसं? सुरुवातीला सगळेच खर्चावरून मोजतात, इतके पैसे दिले गुणिले एमिशन फॅक्टर (दर रुपयामागे किती उत्सर्जन याचा सरासरी आकडा), पहिल्या अंदाजाला ठीक आहे. पण मग तुम्ही कमी कार्बनवालं, थोडं महाग स्टील घेतलं की खर्च वाढतो आणि शीटमध्ये उत्सर्जनही वाढतं, म्हणजे चांगलं काम केलं त्याचीच शिक्षा! असं दिसलं तर फॅक्टरशी खेळत बसू नका, सगळ्यात मोठ्या सप्लायरांकडून त्यांचा खरा डेटा मागवा. हजार जणांना फॉर्म पाठवून काही होत नाही, मोठे जे थोडे आहेत त्यांच्या मागे लागा.

कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कपातीचं प्रमाणपत्र, विकत घेऊन टार्गेट गाठलं असं धरता येत नाही. नेट-झिरोमध्येसुद्धा बहुतेक कंपन्यांना आधी ९० टक्क्यांच्या आसपास स्वतःची कपात करावी लागते, उरलेलं तेवढं हवेतून कार्बन काढून भरायचं. "आमच्या प्रॉडक्टमुळे दुसऱ्याचं उत्सर्जन वाचलं" हे पण वेगळ्या पानावर लिहा, यात मिसळू नका.

आणि एखादं युनिट विकलं, आकडा खाली आला, तर लगेच टाळ्या नकोत. ती कपात नाही, ते धुराडं आता दुसऱ्याच्या नावावर आहे एवढंच. असा बदल ५ टक्के किंवा त्याहून मोठा असेल तर बेस इयरचा आकडा परत काढावा लागतो, कंपनी विकत घेतली तरी तेच, म्हणून मर्जरची बातमी सस्टेनेबिलिटी टीमला पेपरात वाचून कळू देऊ नका.