घर सोडताना मालकांकडून शिफारसपत्र कसं घ्यावं

कर्वेनगरचा फ्लॅट सोडताना मी हे पत्र मागितलं ते थेट किल्ल्या देण्याच्या दिवशी. मालक तेव्हा हॉलच्या भिंतीवरची खिळ्यांची भोकं मोजत होते. "बघू," म्हणाले. ते 'बघू' अजून चालूच आहे.

म्हणून आधी वेळ साधा. घर सोडतोय हे ज्या आठवड्यात कळवाल, त्याच आठवड्यात पत्राचं बोलून घ्या. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात नोटीस बहुधा महिन्याची असते, तरी आपला करार काढून बघा. लॉक-इन (करारातला ज्या मुदतीत घर सोडता येत नाही तो काळ) संपलाय का, तेही. तेव्हा डिपॉझिटचा हिशेब अजून सुरू झालेला नसतो आणि रंगाचे पैसे कोणाच्या माथी यावरून तोंडं वाकडी झालेली नसतात.

मागण्याआधी महावितरणचं बिल, सोसायटीचं काही देणं असेल तर ते भरून टाका. भाडं यूपीआयने दिलं असेल तर प्रश्नच नाही. रोख दिलं असेल तर पावत्या शोधून ठेवा.

मग फोन करा आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅप:

"काका, नमस्कार. मघाशी बोललो त्याप्रमाणे ३१ तारखेला घर रिकामं करतोय. बाणेरच्या नव्या मालकांना आधीच्या घराबद्दल दोन ओळी हव्या आहेत. मजकूर मीच लिहून पाठवतो, तुम्हाला हवा तो बदल करा. रविवारी सकाळी सहीला येऊ का?"

मजकूर आपणच लिहायचा, हे महत्त्वाचं. मालकांची ना नसते, कंटाळा असतो. आणि आपण कशावर सही करतोय याची थोडी धास्तीही. 'अत्यंत सुसंस्कृत कुटुंब' वगैरे लग्नाच्या स्थळासारखं लिहू नका. नव्या मालकाला कळायला हवं ते एवढंच: भाडं वेळेवर यायचं का, शेजाऱ्यांची कटकट होती का, घर नीट ठेवलं का.

"श्री. ____ हे माझ्या ____ येथील सदनिकेत दि. ____ पासून लिव्ह अँड लायसन्स करारावर राहत आहेत. मासिक भाडे रु. ____ दरमहा ५ तारखेच्या आत जमा झाले आहे. त्यांच्याबद्दल सोसायटीची तक्रार माझ्याकडे आलेली नाही. सदनिका त्यांनी व्यवस्थित ठेवली आहे."

खाली सही, तारीख, मालकांचा फोन नंबर. दोनदा भाडं लांबलं असेल तर ५ तारखेचं वाक्य काढा आणि 'भाड्याची बाकी नाही' एवढंच लिहा. खोट्या वाक्यावर सही मागून काकांना अडचणीत टाकू नये.

सही करणाऱ्याचं नाव करारावरच्या नावाशी जुळायला हवं. बऱ्याचदा फ्लॅट काकूंच्या नावावर असतो आणि व्यवहार काका बघतात. अशा वेळी सही काकूंची. मालक परदेशात असतील तर त्यांच्याच मेलवरून सही केलेलं पत्र मागवा, किंवा करारावर ज्या कुलमुखत्याराने सही केली होती त्याच्याकडून घ्या. तुम्हीच लंडन-डब्लिनला निघाला असाल तर पत्र इंग्रजीत करा. तिथले एजंट आधीच्या घरमालकाचं पत्र मागतात आणि मेल टाकून खातरजमाही करतात.

काही मालक कागद द्यायलाच बिचकतात, विशेषतः करार नोंदवलेला नसेल तर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची, हे त्यांनाही ठाऊक असतं. तिथे हट्ट करू नका. नव्या मालकांना बँक स्टेटमेंट दाखवा आणि काकांकडे फक्त त्यांचा नंबर देण्याची परवानगी मागा. पुण्यात कागदापेक्षा हा पाच मिनिटांचा फोनच जास्त कामी येतो. फक्त कोणाचा आणि कधी येणार ते काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर ते अनोळखी नंबर उचलत नाहीत.