डोळे आलेत? आधी नीट बघा, मग थेंब घाला

पावसाळ्यात चाळीत एकाचे डोळे आले की पाठोपाठ अख्खा मजला लाल डोळ्यांनी फिरतो, आणि त्याहून वेगाने सल्ले फिरतात. गुलाबजल घाला, मध घाला, धन्याचं पाणी घाला, बाळंतिणीचं दूध घाला. यातलं काहीही डोळ्यात घालू नका. निर्जंतुक नसलेली कुठलीही गोष्ट सुजलेल्या डोळ्यात जाता कामा नये. आणि नुसतं कुणाकडे बघून डोळे येत नाहीत. ते येतात हाताने, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने, लोकलच्या दांड्याला धरलेलं बोट तसंच डोळ्याला लावल्याने. गॉगलने समोरचा वाचत नाही, तुम्हाला उजेड कमी बोचतो एवढंच.

आधी ओळखा

खिडकीशी उभं राहा आणि खालची पापणी ओढून बघा. नुसतं पाणी गळतंय, वाळू गेल्यासारखं खुपतंय, आधी एक डोळा आणि दोन-तीन दिवसांत दुसरा, जोडीला सर्दी किंवा कानापुढे दुखरी गाठ, तर तो विषाणू. साथीत बहुतेकांना हाच असतो. अँटिबायोटिकने तो जात नाही. आठवडा-दोन आठवडे घेतो आणि आपला आपण जातो.

घट्ट पिवळा-हिरवा पू येतोय आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, तर जिवाणू. दोन्ही डोळ्यांना प्रचंड खाज, तर बहुधा अ‍ॅलर्जी. चोळू नका, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. पांढऱ्या बुबुळावर अचानक रक्ताचा लाल डाग, पण दुखत नाही आणि नीट दिसतंय, तर बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. दोनेक आठवड्यांत डाग विरतो. मार लागलेला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र दाखवून या.

पापणीच्या कडेला दुखरी पुळी म्हणजे रांजणवाडी. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात स्वच्छ फडकं पिळून १० मिनिटं शेका, दिवसातून तीन-चारदा. दाबून फोडू नका. तळहातावर बोट घासून पुळीला लावायची आजीची युक्ती दिशेने बरोबर आहे, पण ती ऊब दोन सेकंदही टिकत नाही.

केमिस्टकडे “लाल डोळ्याचा ड्रॉप द्या” म्हणू नका

असं म्हटलं की कधी कधी स्टिरॉइड मिसळलेली बाटली हातात पडते. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल तर ती डॉक्टरांनी डोळा तपासल्याशिवाय घालायची नाही. लाली एका दिवसात उतरते, म्हणूनच लोक फसतात. लाली हर्पिसच्या विषाणूची असेल तर त्या थेंबांनी आतली जखम वाढते. महिनोन्‌महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो. शेजारच्यांकडे उरलेली बाटली तर मुळीच नको.

पुसणं

उकळून गार केलेलं पाणी, कापूस, नाकाकडून कानाकडे. एका पुसण्याला एक बोळा.

थेंब घालणं

सगळं अडतं ते इथे, आणि याबद्दल कुणी धड सांगत नाही. “दोन-दोन थेंब टाका” म्हणतात आणि निम्मं औषध गालावरून उशीवर जातं. मला हे जमायला बराच काळ लागला.

सुरुवात बाटलीपासून. नवीन बाटलीचं तोंड बहुतेकदा बंद असतं आणि टोपणाच्या आत टोक असतं. टोपण घट्ट आवळलं की भोक पडतं. ब्लेडने कापू नका, टाचणीने टोचू नका. भोक मोठं झालं की धार लागते, आणि टाचणीची घाण आत जाते ती वेगळीच.

हात साबणाने धुवा. आडवं झोपवा, बसून मान मागे टाकण्यापेक्षा ते कितीतरी सोपं. खालची पापणी बोटाने खाली ओढली की एक खोबणी तयार होते. थेंब तिथे टाकायचा, बुबुळावर नाही. बुबुळावर पडला की माणूस दचकतो, डोळा मिटतो आणि औषध बाहेर. रोग्याला छताकडे बघायला सांगा. बाटलीचं टोक पापणीला किंवा केसाला लागू देऊ नका. लागलं तर डोळ्यातले जंतू बाटलीत जातात आणि पुढचा प्रत्येक थेंब ते परत डोळ्यात आणतो.

एकच थेंब. एका थेंबात ३० ते ५० मायक्रोलिटर औषध असतं आणि खोबणीत जेमतेम ३० मावतं. दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये ५ मिनिटं थांबा, आणि मलम सगळ्यात शेवटी.

थेंब पडला की डोळा हळूच मिटायचा. उघडझाप नको, घट्ट आवळणंही नको. नाकाशेजारचा आतला कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा. नाही दाबला तर औषध नळीतून घशात उतरतं, कडू चव लागते ती त्याचीच. काचबिंदूचे काही थेंब असे रक्तात जाऊन नाडी मंद करतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हा मिनिट चुकवायचा नाही.

लहान मुलाला दोघांनी धरून पापण्या ताणू नका, पुढच्या वेळी ते बाटली बघूनच पलंगाखाली शिरेल. त्याला उताणं झोपवा, डोळे मिटू द्या आणि नाकाशेजारच्या कोपऱ्यात थेंब ठेवा. मग म्हणा, “आता उघड बघू.” उघडलं की औषध आपोआप आत जातं. मूल रडत असेल तर थांबा, आसवांबरोबर सगळं वाहून जातं.

बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि महिन्याने ती फेकून द्या.

घरातले बाकीचे

वेगळा टॉवेल, वेगळा अभ्रा. जुलैत टॉवेल वाळत नाही, म्हणून इस्त्री फिरवा.

कधी थांबायचं नाही

डोळा नुसता खुपत नाही तर दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका आहे, डोकेदुखी-उलटी आहे, कॉन्टॅक्ट लेन्स वापरता, किंवा रुग्ण तान्हं बाळ आहे, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या सगळ्या हॉस्पिटलांत नेत्रविभाग आहे.

तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना चुना डोळ्यात उडाला, तर हॉस्पिटलकडे धावण्याआधी नळ उघडा. स्वच्छ पाण्याखाली पापण्या उघड्या धरून निदान १५ ते २० मिनिटं डोळा धुवा, पापणीखाली अडकलेले कण ओल्या कापसाने काढा, आणि मगच टॅक्सी पकडा.